घरखर्चाचा हिशेब: स्प्रेडशीट की ग्नूकॅश?

नौपाड्यातील आमच्या एका स्नेह्यांची दोन बँकांत खाती आहेत, गृहकर्जाचा हप्ता चालू आहे आणि हिशेब स्प्रेडशीटमध्ये ठेवावा की ग्नूकॅश या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, हे त्यांचे ठरत नाही. पैशांचा प्रश्न लवकर मिटतो, कारण लिब्रेऑफिस कॅल्क हे स्प्रेडशीटचे सॉफ्टवेअर आणि ग्नूकॅश दोन्ही विनामूल्य आहेत. शिकण्याच्या बाबतीत स्प्रेडशीट सरस आहे. सोसायटीचा मेंटेनन्स, महावितरणचे बिल, किराणा असे रकाने आखले की काम सुरू होते. ग्नूकॅश द्विनोंदी पद्धतीवर चालते, त्यामुळे रक्कम कोठून निघाली आणि कोठे गेली हे दोन्ही नोंदवावे लागते, आणि जमा-नावे यांची सवय नसलेल्याला सुरुवातीचे दिवस जड जातात.

खरा फरक अचूकतेत आहे. हप्त्यातील व्याज हा खर्च असतो, मुद्दल मात्र कर्ज कमी करते. स्प्रेडशीटमध्ये हा भेद आपणच जपावा लागतो, आणि एका खात्यातून दुसऱ्यात वळवलेले पैसेही चुकून खर्चात धरले जातात (माझ्याकडून हे दोनदा झाले आहे). ग्नूकॅशमध्ये नेटबँकिंगवरून उतरवलेली सीएसव्ही फाइल (व्यवहारांची साधी मजकूर-यादी) आयात करून बँकेतील शिलकेशी जुळवणी करता येते. यूपीआयच्या दहा-वीस रुपयांच्या नोंदींचा कंटाळा दोन्हीकडे सारखाच येतो.

एकच पगारखाते असलेल्यांना स्प्रेडशीट पुरते. कर्ज, मुदतठेवी आणि म्युच्युअल फंड एकत्र पाहायचे असतील, तर ग्नूकॅश घ्यावे.