नात्यांच्या कोचिंग अ‍ॅपमध्ये पैसे कधी मागायचे?

जोडप्यांसाठी कोचिंग अ‍ॅप काढताय आणि पेमेंटचा स्क्रीन कुठे ठेवायचा यावर टीमचं एकमत होत नाहीये, तर तुमच्यापुढे मुख्यतः दोन रचना आहेत. पहिलीत आल्या आल्या वीस-पंचवीस प्रश्न, मग ‘तुमचा खास प्लॅन तयार होतोय’ म्हणत फिरणारं चक्र आणि लगेच पैसे. दुसरीत नाव टाका, एका प्रश्नाचं उत्तर द्या, जोडीदाराला लिंक पाठवा, पैशांचं नंतर.

लांबलचक प्रश्नावली वजन कमी करायच्या अ‍ॅप्समध्ये चांगलीच रुळली आहे. तिथे ती चालते, कारण ठरवणारा माणूस एकटा असतो. एवढं सगळं भरलं, आता पैसे देऊन बघूच, असं त्याला वाटतं. जोडप्याचं तसं नाही. अ‍ॅप उतरवून घेणारा बहुधा एकच, ज्याला जास्त खुपतंय तो. दुसऱ्याचं म्हणणं, ‘आपल्यात काय बिघडलंय, अ‍ॅप कशाला?’ त्या दुसऱ्याला हो म्हणायला लावण्याआधीच पहिल्याकडून वर्षाचे पैसे घेतलेत, तर ग्राहक अर्धाच मिळाला आणि तोही पुढच्या महिन्यात वैतागणार.

२०२० साली लंडनहून सुरू झालेल्या ‘पेअर्ड’ या जोडप्यांसाठीच्या अ‍ॅपची रचना म्हणूनच अभ्यासण्यासारखी आहे. रोज एक प्रश्न. तुम्ही उत्तर दिल्याशिवाय जोडीदाराचं उत्तर उघडत नाही. ‘तिनं काय लिहिलं असेल’ ही उत्सुकताच दुसऱ्याला आत ओढते, वेगळं आमंत्रण सजवावं लागत नाही. शिवाय एका सबस्क्रिप्शनमध्ये दोघंही वापरतात. माणशी पैसे लावायचा मोह तुम्हालाही होईल. टाळा. नवराबायकोत अ‍ॅपचे पैसे कोणी भरायचे यावरून भांडण झालं, तर कोचिंग करणार कशाचं?

तिसरी वाटही आहे, जोडप्यांच्या नात्यांवर काम करणाऱ्या गॉटमन इन्स्टिट्यूट या अमेरिकन संस्थेच्या ‘कार्ड डेक्स’ अ‍ॅपची. अ‍ॅप मोफत आहे आणि जोडीदाराला वेगळं खातं उघडायला लावत नाही. दोघं शेजारी बसून एकाच फोनवर प्रश्नांचे पत्ते उलटतात. हे अ‍ॅप संस्थेच्या पुस्तकांना आणि कार्यशाळांना पूरक आहे. तुमच्यामागे असं दुसरं उत्पन्न नसेल तर हा विषय इथेच सोडा.

प्रश्नावलीचा दुसरा धोका जास्त गंभीर आहे. ‘शेवटचं कडाक्याचं भांडण कधी झालं’, ‘विश्वासघात झाला आहे का’ अशी उत्तरं तुम्ही अनोळखी माणसाकडून पहिल्या पाच मिनिटांत घेता. अमेरिकेत ‘बेटरहेल्प’ या ऑनलाइन समुपदेशन कंपनीवर २०२३ मध्ये फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेनं नेमकी अशा माहितीवरूनच कारवाई केली. समुपदेशनासाठी आलेल्यांची माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅट यांसारख्या कंपन्यांना दिल्याचा आरोप होता. चूक मान्य न करता कंपनीनं ७८ लाख डॉलरवर तडजोड केली. त्याच तक्रारीत तिच्या जोडप्यांसाठीच्या ‘रीगेन’ सेवेचंही नाव होतं. म्हणून साधा नियम ठेवा: ज्या उत्तरामुळे पुढचा धडा बदलत नाही, तो प्रश्न काढून टाका. वीसातले चार-पाच उरले तरी पुष्कळ.

भारतात चालवणार असाल तर ‘७ दिवस मोफत, पण आधी ऑटोपे (खात्यातून आपोआप पैसे कापण्याची सोय) चालू करा’ हा पहिल्या रचनेचा लाडका डाव कायद्याच्या बाजूनंही अडचणीचा आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्न्सविषयक (म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या स्क्रीन-रचनांविषयीच्या) मार्गदर्शक सूचनांमध्ये, मोफत सदस्यत्वासाठी पेमेंटचा तपशील किंवा ऑटो-डेबिटची परवानगी सक्तीनं मागणं ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’मध्ये धरलं आहे. रद्द करण्याची वाट लपवणंही त्यातच येतं. आणि लपवून उपयोग काय? यूपीआय ऑटोपेचा मॅन्डेट, म्हणजे पैसे कापायला दिलेली परवानगी, ग्राहक स्वतःच्या यूपीआय अ‍ॅपमधूनही बंद करू शकतो.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ठरावीक हप्ता कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना जाते. बहुतेक अ‍ॅप्सच्या दृष्टीनं ही नुसती औपचारिकता. इथे मात्र विचार करा: खातं नवऱ्याचं, अ‍ॅप बायकोनं गुपचूप घेतलेलं, आणि बँकेचा मेसेज त्याच्या फोनवर. बिलावर दिसणारं नाव साधं ठेवा. एकट्यानं वापरणाऱ्यासाठी आपोआप न कापला जाणारा, एका महिन्याचा पर्यायही ठेवा.

माझं मत दुसऱ्या रचनेच्या बाजूनं आहे: दोघांनी मिळून पहिला धडा पुरा केला की मगच किंमत दाखवा. यानं पहिल्या आठवड्याची कमाई पडेल आणि गुंतवणूकदार कुरकुर करतील, हे धरून चाला. अपवाद एकच. तुमच्याकडे धडे नसून प्रत्यक्ष कोच असेल, तर आधी पैसे घेणं रास्त आहे, कारण त्या माणसाचा तास राखून ठेवलेला असतो. तिथे प्रश्नावलीही कामाची, कोचला ती वाचायची असते. फक्त किंमत प्रश्नांच्या आधी सांगा.

दोन्ही रचनांमध्ये एक स्क्रीन हमखास राहून जातो: जोडपं वेगळं झालं तर काय? जोडणी तोडण्याचं बटण दोघांकडेही हवं, समोरच्याच्या परवानगीशिवाय चालणारं. तोडल्यावर आपापली उत्तरं आपल्याकडे, दुसऱ्याची दिसेनाशी. सबस्क्रिप्शन ज्यानं भरलं त्याच्याकडे राहील आणि दुसऱ्याला तसं लगेच कळवलं जाईल. हे पहिल्या आवृत्तीतच बांधा. नंतर डेटाबेस उसवून बसवायला फार महाग पडतं.