भरीव ठोकळा की पट्ट्यांचा सांगाडा? पहिलं लाकडी शिडाचं जहाज निवडताना

किटमधून शिडाच्या जहाजाचं पहिलं मॉडेल बांधायचं ठरलं की निवड दोन पद्धतींत येऊन थांबते. एकीत जहाजाचं अंग यंत्रावर कोरलेल्या भरीव ठोकळ्याचं असतं. दुसरीत प्लायवूडच्या कण्यावर आडवे बल्कहेड, म्हणजे जहाजाच्या छेदाच्या आकाराचे तुकडे, बसवायचे आणि त्यांवर पातळ पट्ट्या चढवायच्या. दोन्हींची चांगली किटं एकाच प्रमाणात, १:६४ मध्ये मिळतात, म्हणून तुलना सोपी जाते. मॉडेल शिपवेज या कंपनीची ‘सुलताना’ भरीव आहे. ही १७६७ मध्ये बॉस्टनला बांधलेली दोन डोलकाठ्यांची स्कूनर, पुढच्याच वर्षी ब्रिटिश आरमाराने जकातीच्या गस्तीसाठी घेतली. अमाती या कंपनीची ‘लेडी नेल्सन’ हे अठराव्या शतकातल्या इंग्लिश कटरचं मॉडेल, एका डोलकाठीचं आणि पट्ट्यांच्या दोन थरांचं.

‘सुलताना’चा ठोकळा डब्यातून काढला की अर्धं काम झाल्यासारखं वाटतं. तसं नसतं. यंत्राने थोडं जास्तीचं लाकूड मुद्दाम ठेवलेलं असतं. नकाशातल्या छेदांवरून पुठ्ठ्याचे साचे कापून, दोन्ही बाजूंना ते नीट बसेपर्यंत घासावं लागतं. मध्यरेषा पुसली गेली तर आधी ती पुन्हा मारा, मगच कानस उचला. नाहीतर एक बाजू बारीक होते आणि ते थेट डोलकाठी उभी करताना कळतं. खरा त्रास कठड्यांचा, म्हणजे डेकच्या कडेने वर येणाऱ्या भिंतींचा. ते जेमतेम २ मिमी जाडीचे राहायला हवेत आणि पटाशीने खोदताना पुढच्या टोकाला लाकूड रेषेतून उकलतं. कोरीव कामाचा हात नसेल तर कठडे डेकच्या पातळीला सरळ कापून टाका आणि १.५ मिमीच्या पट्टीचे नवे बसवा.

सांगाड्याच्या पद्धतीत काम जास्त, पण चूक वेळेवर दिसते. पहिल्यांदा कणा काचेवर आडवा ठेवून बघा. बाक असेल तर तिथेच वजनाखाली दाबून सरळ करा; बल्कहेड चिकटल्यावर तो निघत नाही. बल्कहेड कण्याला काटकोनात, गुण्या लावून. फेव्हिकॉल वाळला की १५० नंबरचा सँडपेपर लाकडी पट्टीवर चिकटवून बल्कहेडच्या कडा तिरक्या घासा. एक सुटी पट्टी अंगभर वाकवून धरा: प्रत्येक बल्कहेडला ती पूर्ण जाडीभर टेकली पाहिजे. नुसत्या कोपऱ्यावर टेकत असेल तर घासणं बाकी आहे. पुढच्या दोन बल्कहेडमध्ये बाल्साचे तुकडे भरून आकार दिलात तर पट्ट्यांना टेकायला जागा मिळते.

पट्टी पंधरा-वीस मिनिटं गरम पाण्यात भिजवा, अंगावर वाकवून चिमट्यांनी बांधा आणि रात्रभर वाळू द्या. ओली चिकटवली तर वाळताना आकसते आणि फट पडते. एक डावीकडे लावली की दुसरी उजवीकडे. एकाच बाजूला चार चढवल्या की कणा पिळतो. पुढच्या टोकाकडे प्रत्येक पट्टी निमुळती करावी लागते, पण अर्ध्या रुंदीच्या खाली नेऊ नका. कण्यालगतची पट्टी पुढे वर चढवणं ही नवशिक्यांची हमखास चूक. मग तिच्यावरच्या सगळ्या पट्ट्या टोकाशी गर्दी करतात. हे बिघडलं तरी पहिला थर पुटी भरून घासता येतो आणि अक्रोडाचा दुसरा थर त्याला झाकतो. नवख्या हाताला एवढी सवलत भरीव ठोकळा देत नाही. दुसऱ्या थराला फेव्हिक्विक जपून वापरा, सांडलेल्या थेंबावर वॉर्निश धरत नाही आणि डाग कायमचा राहतो.

आता आपल्याकडची हवा. सांगलीत एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो, तर साताऱ्यात जुलै-ऑगस्टमध्ये कपाटातले कपडेसुद्धा दमट होतात. पावसाळ्यात फुगलेल्या पट्ट्या चिकटवल्या तर उन्हाळ्यात त्यांच्यात केसाएवढ्या फटी दिसतात. पट्ट्यांचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरकावं. पावसाळ्यात तोफा, पुली, शिडी असली सुटी कामं करावीत. त्यामानाने ठोकळा शांत असतो, आणि वर रंग लागणार असल्याने बारीक हालचाल लपते. ज्यांना पावसाळ्यातच सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी ‘सुलताना’च्या बाजूने हा सगळ्यात वजनदार मुद्दा.

आणखी एक गोष्ट साताऱ्याच्या वाचकांसाठी. शाहू महाराजांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, कान्होजी आंग्रे यांच्या आरमारातली गुराबं आणि गलबतं पुढे कधी नकाशावरून स्वतः बांधायची इच्छा असेल तर सांगाडाच शिकून ठेवा. बाजारातली बहुतेक किटं युरोप-अमेरिकेच्या जहाजांची असतात, आणि किटशिवाय बांधायला बल्कहेड आखणं, पट्ट्या निमुळत्या करणं हेच कौशल्य लागतं.

तीन डोलकाठ्यांच्या ‘व्हिक्टरी’ या ब्रिटिश युद्धनौकेवर मन गेलं असेल तर पहिल्या खेपेला थांबा. तिथे डोलकाठीवर चढायच्या दोरशिडीची प्रत्येक गाठ हाताने मारायची असते, आणि काम तिथेच अर्धवट पडतं. एका डोलकाठीवर तीच गाठ शिकता येते. दोऱ्याला आधी मेण चोळा, म्हणजे तंतू सुटत नाहीत.

मॉडेल ठेवायच्या बैठकीसाठी मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांकडे तून लाकडाचा उरलेला तुकडा विचारून पाहा. सतारीच्या दांडीला ते हेच लाकूड वापरतात, आणि अक्रोडाच्या अंगाखाली त्याचा तांबूस रंग शोभून दिसतो.