जुनी निधनवार्ता शोधायचीय? ई-पेपर, ग्रंथालय, पेपरचं ऑफिस की मृत्यूचा दाखला

आमच्या आजोबांची 1974 सालची निधनवार्ता शोधायला मी जवळपास तीन महिने घातले, त्यामुळे आता कुणी विचारलं की कुठे शोधू, तर मी आधी विचारते, माणूस गेला कधी? सगळं त्यावरच ठरतं.

गेल्या काही वर्षांतलं असेल तर ई-पेपर, घरबसल्या काम होतं. पण बऱ्याच मराठी ई-पेपरचं पान म्हणजे नुसता फोटो असतो, नाव टाकून सर्च होत नाही, तारीख टाकायची आणि पान डोळ्यांनी वाचायचं. आवृत्ती पण बरोबर निवडा, सांगलीत गेलेल्या माणसाची बातमी पुणे आवृत्तीत बहुतेक नसतेच.

त्याआधीचं असेल तर गूगलवर दिवस घालवू नका. इंग्रजीत टाइम्स ऑफ इंडियाचे 1838 पासूनचे अंक प्रोक्वेस्ट नावाच्या ऑनलाइन संग्रहात आहेत, मोठ्या विद्यापीठांच्या लायब्ररीतून बघता येतात आणि नावाने शोधताही येतं, पण साध्या मराठी घरातली निधनवार्ता तिथे सापडणं अवघडच. आपलं माणूस असायचं सकाळमध्ये, केसरीत, लोकसत्तेत नाहीतर जिल्ह्याच्या पेपरात, आणि त्यासाठी जुन्या अंकांच्या बांधलेल्या फाइलीच उघडाव्या लागतात.

मग ग्रंथालय की पेपरचं ऑफिस? माझं मत ग्रंथालय. ऑफिसात फाइल जास्त सलग असू शकते, पण अर्ज, परवानगी, कुणाला वेळ आहे का, यात दिवस जातात. ग्रंथालयात एका टेबलावर दोन-तीन पेपरांचे तेच दिवस शेजारी ठेवून बघता येतात, हा मोठा फायदा आहे कारण एका पेपरात नसतं ते दुसऱ्यात असतं. मुंबईत टाउन हॉलमधलं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, छापलेल्या पुस्तकाची प्रत ठराविक ग्रंथालयांना द्यायला लावणाऱ्या 1954 च्या ग्रंथ वितरण कायद्यात 1956 साली वर्तमानपत्रंही आली, म्हणून तिथे आणि कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात अंक जमा व्हायला हवेत. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, पुणे नगर वाचन मंदिर इथेही विचारा. पण आधी फोन करून त्या वर्षाची फाइल आहे का ते पक्कं करा. मी एका ठिकाणी सहा तास प्रवास करून गेले आणि नेमकं हवं ते पान कुणीतरी ब्लेडने कापून नेलेलं, रडूच आलं. कागद इतका ठिसूळ झालेला असतो की पान उलटताना कडेचा चुरा हातात येतो, दोन्ही हातांनी धरून उलटा.

तारीखच माहीत नसेल तर ग्रंथालयात जाऊच नका, आधी मृत्यूचा दाखला काढा, महापालिका नाहीतर ग्रामपंचायत. जुन्या नोंदी सगळीकडे धड नाहीत, विशेषतः गावाकडच्या, आणि दाखल्यात माणूस कसा होता ते काहीच कळत नाही, पण तारीख मिळते. आमच्याकडे तोही नव्हता. आत्याला श्राद्धाची तिथी तेवढी पाठ, पौष वद्य सप्तमी, मग त्या वर्षाचं पंचांग मिळवून बघितलं तर संक्रांतीच्या आसपासचे दिवस निघाले आणि महिनाभराचं काम चार दिवसांच्या अंकांवर आलं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तारीख नाही, तिथी विचारा.

गेल्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत नाही सापडलं तर सोडू नका, तेराव्यापर्यंतचे सगळे अंक बघा, आणि मग पुढच्या वर्षी त्याच सुमाराचे, कारण प्रथम पुण्यस्मरणाची जाहिरात फोटोसकट असते आणि खाली शोकाकुल म्हणून घरच्यांची नावं असतात. बाईची निधनवार्ता असेल तर सासरचंच नाव शोधा, ‘सौ.’, ‘गं. भा.’ किंवा ‘श्रीमती’ लावून.

आमची सापडली ती आतल्या पानावर, बाजारभावांच्या खाली, पाच ओळी. ‘त्यांच्या पश्चात पत्नी, तीन मुलगे व एक मुलगी असा परिवार आहे.’ ती एक मुलगी म्हणजे आत्या, तिला फोटो दाखवला तर तिने त्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललंच नाही.