हॉल आणि छोट्या खोलीमधली भिंत काढली, त्याला चौदा महिने झाले

कोथरूडमधला आमचा टू बीएचके १९९४ च्या इमारतीत, कार्पेट ६१० चौरस फूट. माणसं चार: आम्ही दोघं, दहावीतली मुलगी आणि वॉकर घेऊन चालणाऱ्या सासूबाई. मागच्या वर्षी मे-जूनमध्ये हॉल आणि दहा बाय नऊच्या खोलीमधली भिंत काढून तिथे तीन पल्ल्यांचं सरकतं दार बसवलं. दिवसा नवऱ्याचं ऑफिस, रात्री आमची बेडरूम आणि पाहुणे आले की मोठा हॉल, असा बेत होता. आता दोन पावसाळे आणि दोन गणपती बघून झालेत.

आधी भिंतीबद्दल, कारण ओळखीचे सगळे तेच विचारतात. आमची इमारत आरसीसी कॉलम-बीमची, म्हणजे भार काँक्रीटच्या खांबांवर आणि तुळयांवर, आणि ती भिंत चार इंची विटांची, नुसती आडोशाची. तरी स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवून आणि सोसायटीकडून लेखी परवानगी घेऊनच हात लावला. वरचा बीम अर्थातच तसाच राहिला आणि दाराचा ट्रॅक त्यालाच टांगला. जुन्या लोड बेअरिंग इमारतीत (तिथे भार भिंतींवरच असतो) किंवा हल्लीच्या मिवान पद्धतीच्या टॉवरमध्ये (तिथे आतल्या भिंतीही बहुतेक काँक्रीटच्याच असतात) हा विचार सोडून द्या. आणि हो, भिंत गेली की खाली फरशीत चार इंचांची चर उरते. तीस वर्षांपूर्वीच्या टाइल्स कुठून मिळणार? काळ्या ग्रॅनाइटची पट्टी टाकली. आता ती मुद्दामच केलीय असं आम्ही सांगतो.

ट्रॅक वर घेतला हे फार बरं झालं. जमिनीवर खाच नाही, त्यामुळे वॉकर अडकत नाही, केर अडकत नाही. पहिल्या पावसाळ्यात मात्र मधला पल्ला फुगला आणि खालच्या गाइडला (पल्ला झुलू नये म्हणून जमिनीवर बसवलेला छोटा तुकडा) घासायला लागला. सुताराने ऑगस्टमध्ये येऊन रंधा मारला आणि प्लायच्या कडा सील केल्या. ते काम बसवतानाच करायला हवं होतं. यंदा त्रास नाही.

पल्ल्यांना रेघांची काच आहे. खोलीची खिडकी पूर्वेला असल्यामुळे सकाळी हॉलमध्ये जो उजेड येतो, तो या घरात पूर्वी कधी पाहिलाच नव्हता. पण काच दोन्ही बाजूंनी काचच असते. लेक रात्री एक वाजेपर्यंत हॉलमध्ये अभ्यास करते आणि तिच्या दिव्याचा उजेड थेट आमच्या डोळ्यांवर. शेवटी आतून जाड पडदा लावला. आवाजाचं तर बोलूच नका. सरकत्या दाराला फटी असणारच; कुकरची शिट्टी नवऱ्याच्या प्रत्येक मीटिंगला हजर असते.

सगळ्यात फसलेली गोष्ट म्हणजे भिंतीत मिटणारा पलंग. शोरूममध्ये एका हाताने उचलून दाखवतात. उचलायला तो सोपाच आहे, पण त्याआधी उशा, पांघरुणं, वाचायचं पुस्तक, वाळलेले कपडे हे सगळं कुठेतरी ठेवावं लागतं आणि ते ‘कुठेतरी’ आम्ही आखलंच नव्हतं. तीन आठवडे रोज मिटला. मग शनिवार-रविवार उघडा राहिला, मग दिवाळीनंतर कायमचाच. ऑफिसचं टेबल हॉलच्या कोपऱ्यात आलं. यंदा मार्चमध्ये पलंगाशेजारी फक्त अंथरुणांसाठी दीड फूट खोल कपाट केलं, तेव्हापासून तो पुन्हा मिटायला लागला. सरकत्या दारावर मी सहा महिने कॅटलॉग चाळले होते, गाद्यांच्या जागेवर सहा मिनिटंसुद्धा नाही.

स्विचबोर्डचंही तसंच. पाडलेल्या भिंतीतला बोर्ड नाइलाजाने खिडकीकडे गेला आणि टेबल दुसरीकडे. एक्स्टेंशनची वायर आजही ग्रॅनाइटच्या पट्टीवरून जाते, जिथून सासूबाई वॉकर घेऊन जातात. एसी हॉलमध्ये एकच, दार लावलं की खोलीत गरम होतं.

गणपतीत मात्र सगळे पैसे वसूल झाले. तिन्ही पल्ले एका बाजूला, पलंग वर, आरतीला बावीस माणसं आणि कुणीही जिन्यात उभं नाही. हिशेबच काढला तर हे दार वर्षातले पंधरा-वीस दिवस पूर्ण उघडतं. एरवी एक पल्ला पुरतो.

रोज उपयोगी पडतं ते काम वेगळंच. मोठ्या बेडरूमच्या बाथरूमचं दार सव्वीस इंचांचं होतं. ते बत्तीसचं केलं आणि बाहेर उघडेल असं बसवलं. आत कुणी पडलं तर दार अडकत नाही. यात भिंतीच्या कामाच्या मानाने किरकोळ खर्च आला. त्याचा फोटो कुणी मागत नाही. सासूबाई मात्र घर दाखवताना पाहुण्यांना आधी तिकडेच नेतात.

स्वयंपाकघराची भिंत ठेवली. फोडणीचा ठसका पडद्यात मुरलेला आम्हाला नको होता.

दसऱ्यानंतर इलेक्ट्रिशियन येतोय. टेबलाच्या भिंतीला दोन सॉकेट आणि दाराला आतून कडी. चौदा महिने आम्ही कडीशिवाय झोपतोय.