विंडी: पावसाचं चिन्ह सोडा, ढगांचे थर वाचा

जुलैत हरिश्चंद्रगडाचा अंदाज कुठल्याही ॲपवर उघडा, सातही दिवस एक ढग आणि तीन थेंब. संध्याकाळी कोकणकड्यावरून दरी दिसणार की पांढऱ्या धुक्यात ट्रायपॉड लावून बसावं लागणार, हे त्यावरून कळत नाही. विंडी हे हवामानाचं ॲप इथे कामाला येतं, कारण ते खालचे, मधले आणि वरचे ढग वेगवेगळे दाखवतं.

सूर्यास्ताचे रंग मधल्या आणि वरच्या ढगांवर चढतात. ते ३० ते ६० टक्के असले तर उत्तम. पण नुसती गडावर पिन टाकून थांबू नका. नकाशा सरकवून पश्चिमेला अरबी समुद्रावर दोनेकशे किलोमीटरपर्यंत खालचे ढग तपासा. मावळतीचा उजेड तिकडूनच ढगांच्या पोटाला लागतो. तिथे दाट थर असेल तर डोक्यावर कितीही छान पिंजलेला कापूस असो, तो राखाडीच राहतो.

‘क्लाउड बेस’, म्हणजे ढगांच्या तळाची उंची, जरा जपून वापरा. हा आकडा जमिनीपासूनचा असतो, आणि जमीन म्हणजे मॉडेलने, म्हणजे अंदाज काढणाऱ्या संगणकी गणिताने, धरलेली. ईसीएमडब्ल्यूएफ या युरोपीय मॉडेलचा चौकोन साधारण ९ किलोमीटरचा. त्यात कोकण आणि घाटमाथ्याची सरासरी होऊन एवढा ताशीव कडा चक्क उतार बनतो. म्हणून पिन गडावर नको, मुरबाडच्या बाजूला ठेवा. तिथे ७०० मीटर दिसलं तर १४०० मीटरचा माथा ढगात गेलाच म्हणून समजा. १५०० दिसलं तरी हुरळून जाऊ नका. समुद्रावरची दमट हवा कड्याला आपटून वर चढते आणि आयत्या वेळी तिथेच ढग तयार होतो.

वाऱ्याचंही तसंच. सुरुवातीला दिसतो तो जमिनीलगतचा वारा. उंचीची पट्टी ८५० हेक्टोपास्कलवर, म्हणजे सुमारे १५०० मीटरवर न्या. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा जोर याच पातळीच्या आसपास असतो. खाली ताशी १५ किलोमीटरची झुळूक आणि वर ५० चा झोत, हे नेहमीचंच. अशा वाऱ्यात छोटा ड्रोन पिशवीतच बरा.

मोफत आवृत्तीतले तीन तासांचे टप्पे ही खरी अडचण. दोन टप्प्यांच्या मध्ये सूर्यास्त कुठे पडला ते तुम्हीच ताडायचं. तासातासाचा अंदाज पैसे भरल्यावर मिळतो. वर्षातून दोनदा गडावर जाणाऱ्याने त्यात पडू नये. त्यापेक्षा त्याच जागेचा जीएफएस या अमेरिकी मॉडेलचा अंदाजही उघडा. दोन्ही मॉडेलं जुळत नसतील तर आदल्या रात्री पुन्हा बघूनच निघा.

मे आणि ऑक्टोबरच्या दुपारच्या वादळांसाठी विंडीवर विसंबू नका. ती तासाभरात उभी राहतात. तेव्हा हवामान खात्याच्या रडारची चित्रं आणि पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप जवळ ठेवा. दामिनीने वीज जवळ दाखवली की ट्रायपॉड मिटून कडा सोडायचा. गडावर रेंज भरवशाची नसते, त्यामुळे दामिनी गप्प आहे म्हणून निर्धास्त राहू नका. कुठल्याही बाजूचं आभाळ काळवंडलं किंवा गडगडाट कानावर आला, की निघा.