सिंगापूरला उतरून बसने मलाक्का: बस एकदम मस्त, एजंटची माहिती मात्र अर्धवट

मुंबईहून सिंगापूर करणारे बरेच जण पुढे मलेशियाला परत विमानानेच जातात, बसचा विचारच करत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहितेय. माझं स्पष्ट मत आहे की सोबत वयस्कर माणसं असली तरी बसने जावं, फक्त बॉर्डरवर नेमकं काय होतं ते घरून निघायच्या आधी माहीत हवं. मलेशियातल्या मलाक्का शहराला आम्ही तिघी गेलो होतो, मी, आई आणि मावशी, दोघी सत्तरीच्या पुढे, आणि मावशीचे गुडघे दुखतात.

आधी बसबद्दल. एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एकच सीट, त्यामुळे पाय पसरायला आपल्या पुण्याच्या शिवनेरीपेक्षाही ऐसपैस, सीट भरपूर मागे जाते, गाडी आतून स्वच्छ. एसी मात्र भयंकर गार, शाल डिकीत टाकू नका, हातातच ठेवा. ड्रायव्हर मोजकंच बोलणारा पण फार काळजीने वागला, सुटायच्या आधीच त्याने प्रत्येकाला बसच्या नंबर प्लेटचा फोटो काढायला लावला. तो का, ते बॉर्डरच्या चेकपॉइंटवर कळतं, तिथे एकसारख्या बस ओळीने उभ्या असतात आणि गर्दीतून बाहेर आल्यावर आपली कुठली तेच समजत नाही. बऱ्याच कंपन्यांच्या बस ठरावीक वेळच थांबतात, उशीर झाला तर त्याच कंपनीच्या पुढच्या बसने या असं सांगतात, म्हणून तिकीट फेकायचं नाही. आमचा ड्रायव्हर मावशीसाठी थांबला, ह्यासाठीच मी ह्या सर्विसला पूर्ण मार्क देईन.

आता दादरचा एजंट, ज्याच्याकडून आम्ही विमान आणि बस एकत्र बुक केलं. त्याने सांगितलं, 'बॉर्डरला पाच मिनिटांचं काम असतं, मॅडम'. अजिबात नाही! वुडलँड्सला, म्हणजे सिंगापूरच्या बाजूच्या चेकपॉइंटला, सगळ्यांनी उतरायचं, सरकत्या जिन्याने वर जायचं, सिंगापूरमधून बाहेर पडायची पासपोर्ट तपासणी, मग खाली येऊन परत बस, मग कॉजवे, म्हणजे समुद्रातून बांधलेला रस्ता, आणि पलीकडे मलेशियातल्या जोहोर बाहरूला पुन्हा उतरायचं. सिंगापूरला आमच्या मोठ्या बॅगा डिकीतच राहिल्या पण जोहोरला एकूण एक सामान काढून, रांगेत ओढत नेऊन, मशीनमधून स्कॅन करून घ्यावं लागलं. तिथे दोन्ही हातांच्या तर्जनीचे ठसे घेतात, आईचे ठसे उमटेचनात, पण काउंटरवरची बाई शांतपणे पुन्हा पुन्हा घेत राहिली. लिफ्ट आहे, विचारलं तर दाखवतात. त्यामुळे माणशी एकच चाकांची बॅग न्या, जी ती व्यक्ती स्वतः ओढू शकेल. हे एजंटने सांगायला हवं होतं, म्हाताऱ्या माणसांचं बुकिंग घेताय तर एवढं सांगणं तुमचं कामच आहे.

दुसरं म्हणजे फॉर्म. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड त्याने भरून दिलं पण मलेशियाचं वेगळं डिजिटल कार्ड असतं ते राहिलंच, ते आम्ही सिंगापूरच्या चांगी विमानतळाच्या फुकट वायफायवर बसून भरलं. दोन्ही फुकट आहेत, दोन्ही पोचायच्या आधीच्या 3 दिवसांत सरकारी साइटवरच भरायचे, पैसे मागणाऱ्या साइट खोट्या समजा. मलेशियाला भारतीयांना डिसेंबर 2023 पासून 30 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, ही सवलत सध्या 2026 अखेरपर्यंत आहे. सिंगापूरला मात्र लागतो, आणि परत सिंगापूरहूनच निघणार असाल तर तो मल्टिपल एंट्री आहे ना ते बघा. त्यापेक्षा जाताना सिंगापूर आणि येताना क्वालालंपूरहून थेट मुंबई असं तिकीट काढा, बॉर्डर एकदाच पडते.

कॉजवे जेमतेम एक किलोमीटरचा, 1924 सालचा, पण खिडकीची सीट मिळाली तर झोपू नका. कडेने जाडजूड पाइप दिसतात, मलेशियाचं पाणी सिंगापूरला नेणारे, त्या पाण्याचा एक करार 1962 चा आहे आणि 2061 पर्यंत चालणार. जानेवारी 1942 मध्ये माघार घेताना ब्रिटिशांनी हाच रस्ता उडवला होता, आईला हे सगळं सांगत होते तर मागच्या सीटवरचे काकाही कान देऊन ऐकत होते.

पुढे हायवे झकास, दोन्हीकडे पाम तेलाची झाडंच झाडं, मध्ये एक हॉल्ट. तिथली पराठ्यासारखी रोटी चनाई आपल्याला चालते पण सोबतचा रस्सा माशाचा असू शकतो, शाकाहारी असाल तर विचारून घ्या. थोडे रिंगिट, म्हणजे मलेशियाचे पैसे, सुट्टे ठेवा. आम्ही दशम्या आणि चटणी नेली होती, मावशीने त्याच खाल्ल्या. मलाक्का सेंट्रल ह्या बसस्टँडवरून जुन्या गावात टॅक्सीने गेलो. पोर्तुगीजांच्या अल्बुकर्कने 1510 ला गोवा घेतलं आणि 1511 ला मलाक्का, त्यामुळे तिथला पोर्तुगीज किल्ल्याचा दरवाजा बघताना वसईची आठवण येतेच.

वेळेचं सांगते. विमान सकाळी उतरलं तरी बस निदान चार-पाच तासांनंतरची घ्या, आमच्या एजंटने फारच घाईची दिली होती. शुक्रवार संध्याकाळ आणि सिंगापूरच्या शाळांच्या सुट्ट्या टाळा, तेव्हा सगळं सिंगापूर जोहोरला निघालेलं असतं. बस मात्र हीच पुन्हा घेईन, बुकिंग ह्या वेळी थेट कंपनीच्या साइटवरून.