उपयोजित गणितात एम.एस्सी.: घ्यावी का, आणि पुढे काय?

कोर्स: एम.एस्सी. उपयोजित गणित, दोन वर्षं, चार सेमिस्टर, राज्यातलं एक सरकारी विद्यापीठ. नाव देत नाही, कारण खाली काही तक्रारी आहेत. मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजातून गणितात बी.एस्सी. केलं. सध्या पुण्यात एका लहान कंपनीत आहे. दूध संघांच्या टँकरचे मार्ग आखून देणं हे आमचं काम. रेटिंग: पाचपैकी चार.

जून आला की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच. "ताई, मॅथ्स घेऊन बी.एस्सी. झालंय, आता बी.एड. करू का एम.एस्सी.?" मागून त्यांच्या आईचा आवाज येतो, "आणि नोकरी कुठं लागते ते पण विचार." दोन्ही प्रश्न रास्त आहेत, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

पहिलं सेमिस्टर सगळीकडे साधारण सारखंच असतं. रिअल ॲनालिसिस, लिनिअर अल्जेब्रा, डिफरन्शियल इक्वेशन. बी.एस्सी. नीट झालं असेल तर जमतं. फक्त लिनिअर अल्जेब्रा तिथेच पक्कं करून घ्या. आयगेनव्हॅल्यू (मॅट्रिक्स एखाद्या खास दिशेला किती पट ताणते तो आकडा) काढता येणं वेगळं आणि ती काय सांगतेय हे कळणं वेगळं. पुढचे निम्मे विषय या दुसऱ्या गोष्टीवर उभे आहेत.

सगळ्या कोर्समध्ये मला सर्वांत मोलाचा वाटला तो न्यूमरिकल ॲनालिसिसचा, म्हणजे समीकरणांची उत्तरं आकडेमोडीने जवळपास काढण्याचा पेपर, त्यातही प्रॅक्टिकल. एक धातूची सळई घ्यायची. दोन्ही टोकं शून्य अंशावर धरलेली, मधल्या बिंदूवर १०० अंश, बाकी सगळीकडे शून्य. उष्णता कशी पसरते ते पायरीपायरीने काढायचं. सळईचे समान तुकडे पाडायचे, वेळेचेही पाडायचे, आणि प्रत्येक बिंदूचं नवं तापमान त्याच्या स्वतःच्या आणि दोन शेजाऱ्यांच्या जुन्या तापमानावरून मोजायचं. वेळेचा तुकडा, अंतराच्या तुकड्याचा वर्ग आणि धातूचा स्थिरांक यांतून एक आकडा तयार होतो. तो ०.५ च्या वर गेला नाही तर सगळं सुरळीत चालतं. आमच्या मॅडमनी मुद्दाम ०.६ ठेवायला लावला. मधल्या बिंदूचं तापमान असं आलं: १००, उणे २०, ७६, उणे ४४, ९५.२. सळईत कुठेही शून्याखाली काही नसताना उणे ४४! पुढे तर आकडे फुगतच गेले. प्रोग्रॅम बरोबर होता, स्क्रीनवर एकही एरर नव्हता. मॅडमनी एवढंच विचारलं, "हा आकडा कुणी रिपोर्टमध्ये लिहून मागितला असता तर दिला असता का?"

हा प्रश्न मी रोज कामावर वापरते. कोड लिहिणारे भरपूर मिळतात. आलेलं उत्तर खरं मानायचं की नाही, हे गणिताने तपासू शकणारे कमी मिळतात. या डिग्रीचा पगार मिळतो तो त्यासाठी, असं माझं स्पष्ट मत आहे.

सळईचं तेच समीकरण पुढे फायनान्समध्ये भेटतं. ऑप्शन म्हणजे ठरलेल्या किमतीला शेअर घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क; त्याची किंमत काढायचं ब्लॅक-शोल्स समीकरण १९७३ सालचं. त्यातले चल बदलून लिहिले की ते उष्णतेचंच समीकरण होतं. हवामानाच्या मॉडेलमध्येही जाळीची (नकाशावर पाडलेल्या चौकटींची) आणि वेळेच्या पायरीची अशीच सांगड घालावी लागते. तिथला नियम कुरांट, फ्रिडरिक्स आणि लेवी यांनी १९२८ साली मांडला. पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था आहे, आयआयटीएम. तिथे विकसित झालेली भारत फोरकास्ट सिस्टिम मे २०२५ मध्ये सुरू झाली. आधीच्या १२ किलोमीटरच्या जाळीऐवजी आता ६ किलोमीटरची जाळी आहे. ऐकायला निम्मं वाटतं, पण ढोबळ हिशेब करून बघा: लांबी-रुंदीत चौपट चौकटी, त्यात वेळेची पायरीही अर्धी, म्हणजे आकडेमोड साधारण आठपट. तिथे २०२४ साली ११.७७ पेटाफ्लॉपचा (एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्यं इतक्या आकडेमोडी) 'अर्का' महासंगणक का बसवावा लागला, ते यावरून कळतं. बातमी वाचताना हा हिशेब आपोआप मनात होतो, याचा मला खरंच आनंद वाटतो. आणि विद्यार्थ्यांसाठी सांगते, या क्षेत्रात पीएच.डी.साठी गणितवाल्यांना दार उघडं आहे.

मॅथेमॅटिकल मॉडेलिंगचा पेपर आमच्याकडे ऐच्छिक होता. तो सक्तीचा हवा. साथरोगाचं एसआयआर मॉडेल (लागण होऊ शकणारे, लागण झालेले आणि त्यातून बाहेर पडलेले असे लोकांचे तीन गट करणारं) कोविडमुळे सगळ्यांनी ऐकलंय. पण ते कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी १९२७ साली मांडलं तेव्हा आलेख काढला होता मुंबई बेटावरच्या प्लेगचा, हे मला त्या वर्गात कळलं. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळातले दर आठवड्याचे मृत्यू. त्यांनी बसवलेल्या वक्राचा माथा आठवड्याला ८९० वर, सतराव्या आठवड्यात. सरांनी मूळ शोधनिबंधाच्या प्रती वाटल्या आणि तो वक्र आम्हाला कॉम्प्युटरवर काढायला लावला. ठिपके आणि वक्र इतके सुंदर जुळतात की बघत राहावं. मग सरांनी पुढचा परिच्छेद वाचायला सांगितला. माणसांतला प्लेग हा उंदरांतल्या प्लेगचं प्रतिबिंब असतो, त्यामुळे आपली गृहीतकं इथे काटेकोर लागू होत नाहीत, हे त्या दोघांनी स्वतःच लिहून ठेवलंय. आलेख जुळला म्हणजे मॉडेल खरं ठरत नाही, हे इतक्या प्रामाणिकपणे लिहिलेलं मी त्याआधी कुठल्याच पाठ्यपुस्तकात वाचलं नव्हतं. आणि ते आकडे म्हणजे मुंबईतली माणसं होती, हेही त्या तासाला कुणी विसरलं नाही.

आता ऑपरेशन्स रिसर्च, म्हणजे मर्यादा पाळून कमीत कमी खर्चाचा मार्ग काढण्याचं गणित; माझं पोट ज्याच्यावर चालतं तो विषय. परीक्षेत कुठून कुठे माल न्यायला किती खर्च, असा तीन ओळी-चार स्तंभांचा तक्ता देतात, व्होगेलच्या पद्धतीने हाताने सोडवा म्हणतात, सोळा मार्क मिळतात. हरकत नाही, पाया होतो. पण प्रत्यक्ष काम असं असतं: गावोगावच्या संकलन केंद्रांवर बल्क कूलरमध्ये दूध साठलेलं असतं, ते ठरलेल्या वेळेत डेअरीवर पोचलं पाहिजे. टँकरला कप्पे असतात. गायीचं आणि म्हशीचं दूध एकत्र करायचं नाही. साधं लिनिअर प्रोग्रॅमिंग लावलं तर उत्तर येतं, या रूटवर ०.४ टँकर पाठवा. टँकर जातो किंवा जात नाही, म्हणून चल शून्य किंवा एकच ठेवावे लागतात, आणि तिथून हिशेब अवघड होत जातो. पायथॉनमध्ये पल्प नावाची फुकट लायब्ररी आहे, त्यात मॉडेल लिहून सॉल्व्हरला, म्हणजे उत्तर शोधणाऱ्या प्रोग्रॅमला देतो. मॉडेल लिहिण्याआधी केंद्रावर जाऊन बसायचं हा आमच्या कंपनीचा नियम. एका केंद्रावर सुपरवायझर काकांनी नकाशावर बोट ठेवून सांगितलं, "मॅडम, या घाटानं रिकामा टँकर चढतो, भरलेला चढत नाही. उलटा फिरवा." अंतर दोन्ही दिशांना सारखंच, पण मर्यादा एकाच दिशेला. त्या वाक्याची आम्ही मॉडेलमध्ये एक ओळ केली आणि सगळे रूट बदलले. काकांचं ते वाक्य असमानतेत मांडता येणं, हे शिक्षण मला मॉडेलिंगच्या वर्गानं दिलं. व्होगेलच्या तक्त्यानं नाही.

बाकीच्या वाटा थोडक्यात सांगते. माझ्या वर्गमैत्रिणींपैकी एक विम्याकडे वळली, ॲक्चुअरी (विम्यातल्या जोखमीचा हिशेब करणारी तज्ज्ञ) व्हायला. इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्चुअरीज ऑफ इंडियाच्या परीक्षा देतेय. आधी एसीईटी ही प्रवेश परीक्षा, मग एकेक पेपर. सीएस-१ या संख्याशास्त्राच्या पेपरात लेखी भागाबरोबर 'आर' या संगणकभाषेत सोडवायचा भागही असतो, त्यामुळे संख्याशास्त्र कच्चं ठेवून चालत नाही. नोकरी करत परीक्षा द्यायच्या म्हणजे बरीच वर्षं जातात, घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा. दुसरी एका बँकेच्या रिस्क विभागात आहे: कर्ज बुडण्याची शक्यता काढणारी मॉडेल दुसऱ्या टीमने बनवायची आणि हिने ती तपासायची. प्राध्यापक व्हायचं असेल तर एम.एस्सी.ला खुल्या प्रवर्गात ५५ टक्के आणि सहसा नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. पण अनुदानित कॉलेजात जागा निघेपर्यंत तासिका तत्त्वावर काढावं लागतं. हुशार मुलं त्यात झिजताना मी पाहिली आहेत, म्हणून ही एकच वाट धरून बसू नका.

एक तारा का कापला ते सांगते. आमच्या विभागात लॅबमध्ये एकेका मशीनवर तिघं-तिघं बसायचो. प्रोजेक्टला मार्क इतके कमी की बहुतेक जण मागच्या बॅचचं उचलून द्यायचे, आणि कुणी विचारायचं नाही. पेपरात पाठ केलेल्या प्रमेयांवर सहज पास होता यायचं. कॅम्पसला कंपन्या आल्या त्या आयटीतल्या, सरसकट सगळ्यांसाठी. 'गणितवाले काय करू शकतात' हे त्यांना सांगणारं विभागात कुणी नव्हतं. इतक्या चांगल्या विषयाची ही हेळसांड मला अजून लागते. मला मिळालेलं बरंचसं दोन-तीन तळमळीच्या शिक्षकांमुळे मिळालं, अभ्यासक्रमामुळे नाही. उरलेलं एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या साइटवर आयआयटीच्या प्राध्यापकांची मोफत व्याख्यानं बघून भरून काढलं.

कुणी घेऊ नये? ज्याला ग्रुप थिअरी, टोपॉलॉजी मनापासून आवडतं त्याने शुद्ध गणितच घ्यावं, इथे जीव रमणार नाही. फक्त डेटा सायन्सची नोकरी हवी असेल तर संख्याशास्त्रातली एम.एस्सी. जास्त सरळ पडेल. इंग्रजीची भीती वाटते म्हणून मात्र कुणी मागे हटू नका. मी मराठी माध्यमातली. समीकरणं वाचायला वेगळी भाषा लागत नाही, आणि रिपोर्ट लिहायचं इंग्रजी वर्षभरात येतं.

ॲडमिशनआधी एवढं करा. विभागात प्रत्यक्ष जा, दुसऱ्या वर्षाच्या मुलांना भेटा. लॅब आठवड्यातून किती तास खरोखर उघडी असते, मागच्या वर्षीचे प्रोजेक्ट कशावर होते, हे त्यांनाच विचारा. माहितीपत्रकात ते नसतं. बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षात असाल तर आयआयटीतल्या एम.एस्सी.साठीची जॅम ही प्रवेश परीक्षा द्याच: तीन तास, ६० प्रश्न, १०० मार्क. मुंबईत माटुंग्याच्या आयसीटीमध्ये इंजिनियरिंग मॅथेमॅटिक्सची एम.एस्सी. आहे, तीही बघा. आणि निकाल लागून वर्ग सुरू होईपर्यंतच्या सुट्टीत पायथॉन शिकून घ्या. सुरुवातीला वर दिलेली सळईच करून बघा; ०.४ ला काय होतं आणि ०.६ ला काय होतं ते स्वतःच्या स्क्रीनवर दिसेल.